पिवळीसाठी एक ढोली

आर्डेल मेनरला आमच्या चर्चमध्ये सगळे 'सुतारीण' म्हणायचे, आणि ते काही कौतुकानं नव्हे. रविवारी ती यायची ती बुटांना चिखल आणि केसांत पाइनच्या काड्या घेऊन, आणि प्रवचन रंगात आलं की हिची नजर खिडकीबाहेर. आमची मिस झेल्मा (वडीलधाऱ्या बाईला आमच्याकडे 'मिस'च म्हणतात), जिच्या तोंडाला अख्खी वस्ती घाबरून असते, एकदा सगळ्यांदेखत म्हणाली, "आर्डेल, देव समोर आहे गं बाई, खिडकीत नाही."

"तुला समोर दिसतो, मला खिडकीत दिसतो," आर्डेल म्हणाली. "भांडायचं कशाला?"

मी वाइली ब्रेबॉय. माझा जन्म विजेच्या खांबांवर गेला. निवृत्त झाल्यावर म्हाताऱ्याला शिडीवर कोण चढू देतो? आर्डेलनं दिलं. तिला झाडावर चढणारा माणूस हवा होता आणि मला घरात बसवत नव्हतं. म्हणून तिची ही हकीकत मला ठाऊक आहे, आणि सांगताना अजून रागही येतो. कुणाचा ते मात्र विचारू नका.

आमच्या चर्चमागे जुन्या पाइनचं एक रान आहे. आमच्या आज्या-पणज्यांच्या कबरी त्याच झाडांच्या मुळाशी, म्हणून आजवर कुणी तिथं कुऱ्हाड लावली नाही. आजूबाजूचं सगळं गेलं. आता चहूकडे सोयाबीन, तंबाखू आणि पत्र्याची घरं. त्या रानात सुतारपक्ष्यांचं एक कुटुंब राहायचं, आमच्या भागातलं शेवटचं. आर्डेल कामाला होती ती कापडगिरणी बंद पडली त्या वर्षी जंगलखात्याला गावातलंच कुणीतरी हवं होतं, रोज पहाटे आणि सांजेला खुर्ची टाकून बसायचं आणि कोण कुठल्या ढोलीतून निघालं, कोण कुठं शिरलं ते पाहायचं. गिरणीतल्या बाकीच्या बाया हसल्या. ही बसली आणि बसूनच राहिली.

ती सांगायची ते शेजारणीची भानगड सांगावी तसं. हे सुतार मेलेलं झाड कोरत नाहीत, जितं कोरतात. एका ढोलीला वर्षं लागतात. आणि ज्याची त्याची ढोली वेगळी, नवराबायकोसुद्धा एकत्र झोपत नाहीत. ("शहाणे आहेत," मिस झेल्मा म्हणाली होती.) ढोलीभोवती टोचे मारून ठेवतात, त्यातून चीक वाहत राहतो, मग साप वर चढत नाही. लेकी पहिल्या हिवाळ्यात घर सोडून जातात. लेक राहतात, आणि आईबापांच्या पुढच्या पिल्लांना किडे आणून भरवतात. स्वतःचं लग्न नाही, संसार नाही, भावंडांचं करत बसायचं.

"आणि तुझ्या पोरी?" झेल्मानं विचारलं. "त्याही पहिल्याच हिवाळ्यात गेल्या की."

आर्डेलच्या दोन्ही लेकी दूर शार्लट शहरात असतात. फोन नाताळला. ती डब्यातलं कोलार्डच्या पालेभाजीचं सँडविच काढून खाऊ लागली.

रानातल्या म्हाताऱ्या नराला तिनं पिल्लू असताना तळहातावर धरलं होतं, जंगलखात्यानं ओळखीसाठी पायात रंगीत कड्या घातल्या तेव्हा. त्याची बायको पिवळी, पायातल्या पिवळ्या कडीवरून. आणि त्यांच्यापाशी राहिलेला लेक, थोरला. थंडी सरताना खालची झुडपं जाळण्यासाठी दरवर्षी रान पेटवतात, त्याआधी चर्चची सगळी माणसं दाताळी घेऊन ढोलीच्या झाडांखालच्या वाळक्या काड्या ओढून काढतात, नाहीतर वाहिलेला चीक पेट घेतो आणि झाड मेणबत्तीसारखं जळतं. त्या दिवशी आर्डेल सगळ्यांवर अशी ओरडायची की पाद्रीसुद्धा दाताळं नीट धरायचे. "आणखी मागे ओढा! हे काय अंगण झाडताय का?" वर्षातला तो एक दिवस सुतारीण मालकीण असायची.

मग सप्टेंबरात ते वादळ आलं.

नदी घरात शिरली. माझी गाडी वाहून गेली, झेल्माचं छप्पर गेलं, आर्डेलच्या पत्र्याच्या घराची लाकडी जमीन कुजली. पाणी ओसरल्यावर जो तो ओल्या गाद्या बाहेर ओढत होता आणि आर्डेल कुठं? रानात. मी गेलो तर ती आडव्या पडलेल्या झाडांमधून चिखलात चालत होती. ढोलीची झाडं ढोलीपाशीच मोडली होती, पोकळ जागा तीच असते. उभी ढोली एकच उरली होती. म्हातारा नर पडलेल्या झाडाखाली सापडला. तिनं त्याला रुमालात गुंडाळून तिथंच पुरलं, माझ्या आजीच्या कबरीपासून चार पावलांवर.

"आर्डेल, घरी चल. तुझ्या घरात बुरशी चढतेय."

"ढोली एक आणि जीव दोन," ती म्हणाली. "वाइली, एक जण बाहेर झोपणार."

लोक चिडले, आणि का चिडू नयेत? माणसांना पाठ टेकायला जागा नाही आणि ही पाखरांच्या झोपेची काळजी करत फिरते. झेल्मानं तर तिच्याशी बोलणंच टाकलं. मीही मनात म्हणायचो, बाईचं डोकं फिरलं. पण सांज झाली की जायचो, कारण ती एकटी बसलेली बघवत नव्हती.

पहिले काही दिवस पिवळीच ढोलीत शिरायची आणि थोरला बाहेर एका खोडाला चिकटून रात्र काढायचा. मग एका सांजेला थोरला आधी आला. पिवळी आली तशी त्यानं आतून डोकं काढून तिला चोच मारली. ती पुन्हा आली, त्यानं पुन्हा मारली. शेवटी ती उडून जवळच्या झाडाच्या बेचक्यात जाऊन बसली, उघड्यावर.

"मेल्या!" आर्डेल खुर्चीवरून उठून ओरडली. "ज्या आईनं तुला भरवलं तिला बाहेर काढतोस? तळपट होवो तुझं!"

"अगं, पाखरू आहे ते," मी म्हटलं.

"म्हणून काय झालं? लाज नको?"

पलीकडच्या ओढ्याशी घुबड घुमू लागलं होतं. आर्डेल पुरता अंधार पडेपर्यंत उठली नाही.

जंगलखात्याची हॅडली नावाची मुलगी या पाखरांची तज्ज्ञ. वादळानंतर ती बिचारी दिवसरात्र गाडीतच राहत होती. सगळ्या जंगलांत हेच, ढोल्या मोडल्या, पाखरं बाहेर. ढोलीऐवजी झाडात बसवायला बनवलेल्या लाकडी पेट्या मोठ्या जंगलांतच संपल्या. ती आली तेव्हा डोळे सुजलेले होते.

"मिस आर्डेल, मी खोटं सांगणार नाही तुम्हाला," ती म्हणाली. "उरलेत आई आणि लेक. ती त्याच्याशी जोडी लावणार नाही. आज ना उद्या निघून जाईल."

"जाईल कुठं, पोरी? सोयाबीनवर बसेल?"

हॅडलीनं सुजलेले डोळे चोळले.

"एक ढोली दे," आर्डेल म्हणाली. "तिला वसंतापर्यंत जगू दे. मग बाहेरचा नर आणू, थोरल्याला हलवू, काय वाटेल ते करू. पण ती जगायला हवी. मी इतक्या वर्षांत काही मागितलं का तुझ्याकडे?"

पोरगी कनवाळू होती. पेटी नव्हती, पण झाडात ढोली कोरायचं यंत्र होतं. तिनं रानातलं जाड खोड निवडलं आणि मी आणि तिनं शिडीवरून दिवसभर ते कोरलं. संपल्यावर तिनं ढोलीच्या तोंडावर जाळी ठोकली.

"ताजी ढोली आहे. आत चीक झिरपतो, पाखरू त्यात चिकटून बसतं. कोरडी पडेपर्यंत, महिनाभर तरी, जाळी काढायची नाही," ती म्हणाली. "मी येऊन आरसा घालून बघेन, मगच. मिस आर्डेल, हे मी तुम्हाला सांगतेय म्हणजे मूर्खपणाच आहे."

"सांग, सांग. म्हाताऱ्यांना दोनदा सांगावं," आर्डेल हसून म्हणाली. कितीतरी दिवसांनी हसली.

पण महिना म्हणजे किती सांजा असतात ते त्या खुर्चीत बसून बघा. रोज पिवळी नव्या ढोलीवर यायची, जाळीवर चोच मारायची, आत बघायची, पुन्हा मारायची. मग बेचक्यात जाऊन बसायची. आर्डेलचं जेवण सुटलं. मी घरचा तळलेला मक्याचा पाव नेऊन द्यायचो, तो सकाळी तसाच खुर्चीखाली. एका पहाटे पिवळीच्या शेपटीची पिसं उपटलेली दिसली. घुबडाचा पंजा थोडक्यात चुकला होता.

नोव्हेंबरात कडाक्याची थंडी पडली, पाण्याच्या बादलीवर बर्फ धरला. आर्डेल म्हणाली, "वाइली, शिडी लाव. आत बघू."

मी चढलो, आरसा आणि बॅटरी घालून बघितलं. आत कोरडं दिसत होतं. तेच सांगितलं, पण पुढे हेही म्हणालो, "आर्डेल, थंडीत राळ थिजते. दिसते कोरडी. हे तुला मी सांगू?"

खरंच, मी सांगायची गरज होती का? तिचा आजा याच रानात झाडांना खाचा पाडून टर्पेंटाइनसाठी चीक गोळा करायचा. उन्हात पळतो, गारठ्यात बसतो, हे आमच्याकडे शेंबड्या पोरालाही कळतं. तिलाही कळत होतं. पण ती बेचक्याकडे बघत होती.

"जाळी काढ."

"नाही काढणार. हॅडली येईल."

"हॅडली येईपर्यंत घुबड येईल."

"मी नाही काढणार, आर्डेल." आणि मी खाली उतरून घरी निघून आलो. रागानं आलो. शिडी तिथंच राहिली.

दुसऱ्या दिवशी मी गेलो तेव्हा जाळी तिच्या मांडीवर होती. साठीची बाई, गुडघे धड नाहीत, एकटी चढली होती. माझ्याकडे बघून म्हणाली, "रात्री आत झोपली. सरळ आत गेली, जणू तिचीच." चेहरा असा उजळलेला की मला ओरडवेना. पुढचे दोन-तीन दिवस थंडी राहिली आणि पिवळी ठणठणीत होती. आर्डेल घरी जाऊन जेवली, घराची कुजलेली जमीनही उचकटायला लागली. मला वाटलं, निभावलं.

मग दक्षिणेचं वारं सुटलं. दुपारी सदऱ्याचे हात दुमडावे लागले. नोव्हेंबरात असं होतं आमच्याकडे. मी ओसरीत बसलो होतो आणि एकदम त्या ढोलीतली थिजलेली राळ आठवली. पण तोवर सांज होऊन गेली होती.

पहाटे आम्ही दोघं खुर्च्या टाकून बसलो. थोरला जुन्या ढोलीतून निघाला, फांदीवर बसला, हाक मारली. रोज ही हाक मारली की पिवळी निघायची आणि दोघं मिळून किडे शोधायला जायची. तो थांबला. पुन्हा हाक मारली. मग उडून तिच्या झाडावर आला, खोडावरून वर-खाली करू लागला, ढोलीच्या तोंडाशी जाऊन आत बघून ओरडू लागला. आर्डेल उभी राहिली होती आणि माझा दंड तिनं इतका घट्ट धरला होता की नंतर तिथं निळं झालं.

मी चढलो. पिवळी आत होती, जिवंत होती. पंख आणि पोट राळेत रुतलेलं, एक डोळा बंद. तिला सोडवताना पिसं माझ्या बोटांशी निघून आली.

आर्डेलच्या स्वयंपाकघरात अर्धी जमीन उघडी पडली होती. उरलेल्या फळ्यांवर बसून तिनं पिवळीला मांडीवर घेतलं आणि स्वयंपाकाची चरबी कोमट करून बोटानं राळ सोडवायला लागली. एक पीस, मग दुसरं. "सुटतंय बघ. सुटतंय," ती म्हणत होती. "ऊठ गं माझे बाई. रागाव माझ्यावर, चोच मार. मार की!" पिवळीनं एकदा चोच उघडली. दुपारच्या आधी ती गेली. तरी आर्डेल बराच वेळ चरबी लावत राहिली.

मग तिनं हात धुतले आणि हॅडलीला फोन लावला. मी म्हणालो होतो, "निघून गेली म्हण. ती पोरगी तेच म्हणत होती ना?" तिनं माझ्याकडे बघितलंही नाही. "पोरी, पिवळीला मी मारलं," ती फोनवर म्हणाली. "जाळी मी काढली. वाइली नको म्हणत होता."

हॅडली दुसऱ्या दिवशी आली. ओरडली असती तर बरं झालं असतं. ती आर्डेलशेजारी जमिनीवर बसली आणि म्हणाली, "लेकाला मोठ्या जंगलात न्यावं लागेल. एकटा इथं मरेल."

"त्याला इथं बायको आणून दे," आर्डेल म्हणाली. "मोठ्या जंगलात पोरी आहेत की. एक आण. तो घर राखेल, मी बघेन, मी पगार नाही घेणार, मी..." आवाज फुटला. "हे शेवटचं आहे, हॅडली. हे गेलं की आमच्या रानात काही नाही."

"आणून झोपवू कुठं, मिस आर्डेल? त्या ढोलीत?"

मला त्या पोरीचा राग आला आणि तिचं खरंही होतं.

हॅडली आणखी म्हणाली, पेट्या आल्या तरी हे रान शेतांमधलं बेट आहे, लेकी झाल्या तर जातील कुठं. पण आर्डेलनं पुढचं ऐकलं नसावं. थोरल्याला पकडायचा दिवस थंडी सरताना ठरला. तोवर दर पहाटे थोरला निघायचा, फांदीवर बसायचा, आईला हाक मारायचा आणि थांबायचा. आर्डेल रोज ते ऐकायला जायची. मी म्हणायचो, नको जाऊस. ती म्हणायची, "मी केलंय, मी ऐकणार." झेल्मानं इतक्या महिन्यांनी सूप पाठवलं. ते आर्डेलनं खाल्लं, पण रडत रडत.

ठरल्या सांजेला हॅडली गाडी घेऊन आली. लांब काठीच्या टोकाला जाळं असतं. पाखरू ढोलीत शिरलं की ते तोंडावर धरायचं आणि खोड खरवडायचं. साप आला असं वाटून पाखरू बाहेर झेपावतं. हॅडलीनं काठी उचलली तशी आर्डेल म्हणाली, "दे इकडे. तो माझ्या हातचा आहे."

तिनं जाळं धरलं आणि मला खोड खरवडायला सांगितलं. थोरला सरळ जाळ्यात आला. तिनं त्याला अलगद काढून मुठीत घेतलं. तो किंचाळत होता आणि तिच्या अंगठ्याचा लचका तोडत होता, रक्त आलं.

हॅडली पिंजरा आणायला गाडीकडे गेली होती. मी आर्डेलच्या कानाशी म्हणालो, "सोड त्याला. हातातून निसटला म्हणून सांगू."

"आणि उद्या पहाटे तो हाक कुणाला मारणार? मला?" ती म्हणाली. मग त्याला तोंडाजवळ धरून म्हणाली, "जा मेल्या. आईला बाहेर काढणाऱ्या, जा. बायको कर. तिला तरी नीट वागव."

हॅडलीनं पिंजऱ्याचं दार उघडलं, आर्डेलनं त्याला आत ठेवलं. पण ती पिंजरा सोडेना. दोघींच्या हातात तो तसाच लोंबकळत होता.

"याला झोपवणार कुठं?"

"तिथं जुनी ढोली आहे, मिस आर्डेल. पाखरांनीच कोरलेली. गेल्या वर्षी तिथं कुटुंब होतं."

"आत बघितलंस?"

"आरसा घालून बघितलं. कोरडी आहे."

"पहाटे, गारठ्यात बघितलंस?"

"नाही," हॅडली म्हणाली, आणि तिच्या डोळ्यांत पाणी आलं. "दुपारी. टळटळीत उन्हात."

आर्डेलनं पिंजरा सोडला.